चराईबंदीने डोंगर हिरवा होतो, पण शेळीवाल्या घरांचं काय होतं?

राज्यात २०२३ पासून जलयुक्त शिवार अभियानाचा दुसरा टप्पा सुरू आहे. गावात पाणलोटाचं काम निघालं की ग्रामसभेत बहुतेक वेळा दोन ठराव येतात : कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. हात वर होतात, ठराव मंजूर होतात. काही वर्षांत डोंगरावर गवत दिसायला लागतं, विहिरींचं पाणी वाढतं आणि 'आधीचा डोंगर, आताचा डोंगर' असे फोटो तुमच्या मोबाईलवर येतात.

त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. ज्या घराकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, ते घर बंदीनंतर कसं चालतं?

चराईबंदी कशासाठी करतात?

पहिल्या पावसानंतर डोंगरावर कोवळं गवत उगवतं. जनावरं रोज तिथेच चरली तर गवताला वाढायला आणि बी धरायला वेळच मिळत नाही. माती उघडी पडते, पावसाबरोबर वाहून जाते आणि खालचे बंधारे गाळाने भरतात. डोंगराला काही पावसाळे विश्रांती दिली तर गवत माती धरून ठेवतं आणि पाणी मुरतं.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने हे करून दाखवलं. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तर मोकाट चराई थांबवणं ही गावाने पाळायची अटच होती. त्यामुळे बंदीचा उपयोग होतो, यात वाद नाही.

मग अडचण कुठे आहे?

पाणी मुरतं डोंगरावर, पण वर येतं विहिरीत. आणि विहीर असते कुणाच्या तरी शेतात. ज्याची विहीर, त्याचं दुसरं पीक निघतं. भूमिहीन घराला बांधबंदिस्तीच्या कामावर मजुरी मिळते, पुढे शेतीतली मजुरीही थोडी वाढते. पण शेळ्या चारायची जागा पहिल्याच दिवशी जाते.

इंटरनॅशनल फूड पॉलिसी रिसर्च इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जमीन वाचवण्यात चांगलं काम झालेल्या काही गावांतही भूमिहीन आणि मेंढपाळ कुटुंबांना गायरान आणि डोंगर बंद झाल्याचा फटका बसला, असं त्यात दिसलं.

चार शेळ्यांनी एवढा काय फरक पडतो?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आहेत, त्यातल्या एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात ते उगाच नाही. पाच महिन्यांत ती विते. उस्मानाबादीसारख्या जातीत जुळी करडं होणं नेहमीचंच. दवाखान्याचा खर्च आला, पोरांची फी भरायची झाली की एक बोकड बाजारात जातो. बँकेत न जाता मोडता येणारी ही ठेव असते.

'मग शेळ्या बांधून पाळा' असा सल्ला लगेच दिला जातो. पण बंदिस्त शेळीपालनाला गोठा, पाणी आणि रोजचा चारा लागतो. शेतकरी बांधावरचं गवत कापून आणतो. ज्याला बांधच नाही त्याने चारा विकत घ्यायचा, नाहीतर घरातल्या बाईने लांबून भारा डोक्यावर आणायचा. ते जमलं नाही की शेळ्या विकल्या जातात.

हंगामात मेंढ्या घेऊन येणाऱ्या धनगर मेंढपाळांची अडचण आणखी वेगळी. शेतात मेंढ्या बसवल्या की खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावतात. पण ते त्या गावचे मतदार नसल्याने चराईबंदीच्या ठरावाला त्यांचा हात वर होत नाही आणि विरोधही नोंदवला जात नाही.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. १९७० च्या दशकात चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत होता. गाळाचा माग काढत मृदशास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा हरियाणातल्या सुखोमाजरी गावात पोहोचले. तिथे मातीचे छोटे बांध घातले, पण पाणी मिळालं फक्त काही शेतांना. बाकीच्यांनी जनावरं डोंगरावर का सोडू नयेत? मग गावाने ठरवलं की पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा, भूमिहीनांचाही. स्वतःला नको असेल तर तो वाटा दुसऱ्याला देता येईल. त्यानंतर लोकांनी आपणहून डोंगर राखला. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. इथे पाण्याचं वाटप जमिनीवर नाही, तर घरातल्या माणसांवर ठरायचं. भूमिहीनांनाही हक्क होता आणि ऊस लावायला मनाई होती.

ठरावाआधी काय विचारायला हवं?

बंदी सगळ्या डोंगरावर एकदम, की एकेक भाग आळीपाळीने? कापून न्यायच्या गवतावर पहिला हक्क कुणाचा? वाढलेल्या पाण्यात भूमिहीनांचा वाटा किती? वनजमीन असेल तर २००६ चा वनहक्क कायदा पात्र वनवासी आणि पशुपालक समाजांचे चराईचे हक्क मान्य करतो, ते तपासले का?

हे प्रश्न विचारले म्हणून चराईबंदी कमजोर होत नाही. सुखोमाजरीत ती टिकली कारण प्रत्येक घराला डोंगर राखण्यात फायदा दिसत होता. डोंगर सगळ्या गावाचा म्हणून बंदी सगळ्यांनी पाळायची असेल, तर त्या डोंगरातून आलेलं पाणीही सगळ्या गावाचंच धरावं लागेल.