दार उघडेना म्हणून भिंतच पाडली!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय, आणि जरा रागातच बसलेय.

निवृत्तीनंतर मी एका छोट्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे. तिथे अहवालांसाठी नवा सर्व्हर बसवला. एसक्यूएल सर्व्हरची ॲनालिसिस सर्व्हिसेस म्हणतात ती. शाखेतल्या बाईंनी एक्सेल उघडायचं आणि ठेवी, कर्ज, थकबाकी सगळं तालुकावार बघायचं. मुख्य कचेरीत झकास चाललं, शाखेतून मात्र जोडणीच होईना. तंत्रज्ञ मुलगा आला, दोन मिनिटं खाटखुट केली आणि "झालं!" म्हणाला. काय केलंस विचारलं तर म्हणे, "आजी, फायरवॉल बंद केली. आता प्रॉब्लेम येणार नाही."

अरे बाबा, प्रॉब्लेम आत्ता सुरू झाला!

रात्री भाचीला फोन लावला. ती याच क्षेत्रातली. तिने सांगितलं ते माझ्या मास्तरकीच्या भाषेत सांगते. पोर्ट म्हणजे क्रमांक घातलेली दारं, पार 65,535 पर्यंत. ॲनालिसिस सर्व्हिसेस साधी बसवली तर 2383 या दाराशी असते. आमची मात्र वेगळं नाव देऊन बसवलेली, म्हणजे नेम्ड इन्स्टन्स. तिला ठरलेलं दार नसतं; सुरू होताना मिळेल तो क्रमांक ती घेते. 2382 वर ब्राउझर नावाची सेवा असते, ती शाळेच्या शिपायासारखी. "सातवी ब आज कुठे?" विचारलं की वर्ग दाखवणार. पण त्या वर्गालाच कुलूप असेल तर शिपाई काय करणार?

उपायही सोपा. सेटिंगमध्ये क्रमांक कायमचा ठरवून द्यायचा, सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची, आणि 2382 व तो ठरलेला क्रमांक अशी दोनच दारं उघडायची. तीही फक्त शाखेच्या पत्त्यांपुरती. नियम करताना 'कुठलाही पत्ता' हा पर्याय आयताच निवडलेला असतो, तो आठवणीने बदलायचा. तासाभराचंही काम नाही. तेवढं टाळण्यासाठी या पोराने सगळ्या दारांवरचा पहारा उठवला!

दुसऱ्या दिवशी मी हे बोलले, तर एक संचालक म्हणाले, "बाई, हे आतलं नेटवर्क. बाहेरचं कोण येतंय?" मंडळी, हा युक्तिवाद मला सर्वात घातक वाटतो. जानेवारी 2003 मध्ये स्लॅमर नावाचा किडा एसक्यूएल सर्व्हरच्या 1434 या यूडीपी पोर्टवरून जगभर पसरला. दुरुस्ती जुलै 2002 मध्येच आलेली होती, अनेकांनी लावलीच नव्हती. अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुप्रकल्पातही तो शिरला. तिथे फायरवॉल नव्हती का? होती की! पण एका कंत्राटदाराच्या नेटवर्कवरून फायरवॉलला वळसा घालणारी जोडणी होती, तिच्यातून तो आत आला. सुरक्षेची माहिती दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. नशीब, प्रकल्प तेव्हा बंद होता. हे त्यांचं 'आतलं नेटवर्क'!

आमच्याकडे अणुभट्टी नाही, मान्य. पण निवृत्त माणसांच्या आयुष्यभराच्या ठेवींचे आकडे आहेत, कोणाचं कर्ज थकलंय तेही आहे. तो तंत्रज्ञ वाईट मुलगा नाही. "चालू करून द्या" एवढंच आपण त्याला सांगतो, "नीट करून द्या" म्हणतच नाही. राग आहे तो त्यावर.

दोन दिवसांनी मुलगा परत आला आणि भाचीने सांगितलं तसं सगळं केलं. फायरवॉल चालू आहे, शाखेत अहवालही दिसतोय. कोणतं दार, कोणासाठी, कोणी, कधी उघडलं याची वही मी घातली आहे. तुमच्यापैकी बरेच जण आयटीत आहात. तुमच्या कचेरीत अशी वही आहे का? विचारा आणि मला कळवा.

असो. चहा निवला.