केरसुणीचा धनी कोण?

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची रीत आमच्या पुष्कळ घरांतून अद्यापि पाळली जाते. त्याच घरांतून आता एक दुसरी केरसुणी शिरू लागली आहे. ती वाटोळी आहे, तिला चाके आहेत, ती विजेवर चालते आणि घरची मंडळी बाहेर गेली असता आपण होऊन खोल्या झाडते. रोबोट व्हॅक्यूम क्लीनर हे तिचे बाजारातील नाव. तिच्यावरून आमच्या समाजात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष तिला विज्ञानाचा प्रसाद मानून, कोणतीही चौकशी न करता, मस्तकी लावतो. दुसरा तिला आळसाची मूर्ती मानून नाक मुरडतो. आमच्या मते दोन्ही पक्ष गौण प्रश्नावर भांडत आहेत. यंत्र घेतल्यानंतर त्याचा धनी कोण, घेणारा की विकणारा, हा खरा प्रश्न आहे. आणि तो पैसे मोजण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

प्रथम नाक मुरडणाऱ्यांचा समाचार घेऊ. केरसुणी ही लक्ष्मी, तेव्हा तिची जागा यंत्राला देणे म्हणजे लक्ष्मीला घराबाहेर काढणे होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो करणाऱ्या गृहस्थांपैकी कितीजणांनी गेल्या वर्षभरात स्वहस्ते केर काढला, एवढेच आम्ही विनयपूर्वक विचारतो. या लक्ष्मीचा भार आजवर वाहिला तो घरच्या सुनांच्या कमरेने आणि मोलकरणींच्या गुडघ्यांनी. पूजा वर्षातून एक दिवस. वाकणे मात्र रोजचे. गाडगे महाराजांनी झाडूची थोरवी सांगितली ती स्वतः गावे झाडून. त्यांच्या मार्गाने ज्याला जावयाचे असेल त्याला आमचा दंडवत. परंतु दुसऱ्याच्या पाठीवर लादलेल्या श्रमाला संस्कृती म्हणावयाचे आणि तो श्रम हलका होऊ लागला की धर्म बुडाला म्हणून ओरडावयाचे, यास आम्ही ढोंग म्हणतो. यंत्र अवश्य घ्यावे.

मात्र घ्यावे ते डोळे उघडे ठेवून. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ मध्ये ‘ट्रायलोबाइट’ नावाचा यांत्रिक झाडू विक्रीस आणला व पुढच्याच वर्षी अमेरिकेतील आयरोबोट कंपनीने ‘रूम्बा’ आणला. तो जुना रूम्बा अगदीच साधा जीव होता. भिंतीला आपटावे, वळावे, पुन्हा चालू लागावे, एवढीच त्याची विद्या. पण बटण दाबले की तो चाले, आणि त्याला आज्ञा देणारा घरचा माणूसच असे. २०१० मध्ये निएटो या अमेरिकन कंपनीचे यंत्र आले. ते लेसर किरण फिरवून खोलीचा नकाशा तयार करी. त्यानंतर अशी यंत्रे इंटरनेटला जोडली गेली, मोबाइलवर त्यांची ॲप आली, आणि येथेच मालकीचा गुंता सुरू झाला. दिवाणखान्यात उभ्या असलेल्या यंत्राला स्वयंपाकघर झाडण्याची आज्ञा द्यावयाची, तर अनेक यंत्रांच्या बाबतीत ती आज्ञा आधी कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे जाते व तेथून पुन्हा आपल्याच दिवाणखान्यात येते.

हा दूरचा संगणक बंद पडला तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. निएटो कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. तिच्या मालक असलेल्या फोरवेर्क या जर्मन कंपनीने, ग्राहकांसाठी संगणकसेवा निदान पाच वर्षे चालू ठेवू, असे सांगितले होते. ती मुदत संपण्यापूर्वीच, २०२५ मध्ये, सेवा बंद करीत असल्याचे तिने जाहीर केले. यंत्रे धडधाकट, मोटारी शाबूत, दाम पूर्ण चुकते केलेले; पण नकाशा, वेळापत्रक, खोलीनिहाय आज्ञा हे सारे गेले आणि उरले एक बटण. ज्या आयरोबोटने ही यंत्रे घरोघरी पोचवली, तिनेही डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन न्यायालयात दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला व तिच्याच यंत्रांची निर्मिती करणाऱ्या चिनी कंपनीकडे तिचा ताबा जावयाचे ठरले. ॲप चालूच राहील असे आश्वासन तिने दिले आहे. परंतु आश्वासनावर चालणारी केरसुणी आमच्या आजीने घरात घेतली नसती.

वकिली भाषेत सांगावयाचे तर, घेणारा समजतो की आपले खरेदीखत झाले. प्रत्यक्षात यंत्राच्या बुद्धीपुरता झालेला असतो तो केवळ परवान्याचा करार. प्लॅस्टिक आणि मोटार आपली, बुद्धी त्यांची. घर भाड्याने घेताना जो मनुष्य लीव्ह अँड लायसन्सच्या कागदावरील प्रत्येक ओळ भिंग लावून वाचतो, तोच मनुष्य मोबाइलवर ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवताना एक ओळही वाचीत नाही.

आता दुसरी गोष्ट. काही यंत्रांना कॅमेरा असतो. जमिनीवरच्या वायरी, खेळणी, चपला ओळखून टाळण्यास तो उपयोगी पडतो, हे आम्ही मान्य करतो. पण डोळा वस्तू पाहतो तसा माणसेही पाहतो. आयरोबोटच्या यंत्रांनी २०२० मध्ये टिपलेली काही छायाचित्रे, त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचेही, चित्रांवर खुणा करण्याच्या कामावरील मजुरांच्या हातून समाजमाध्यमांवर गेली, हे ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने डिसेंबर २०२२ मध्ये उजेडात आणले. ती यंत्रे विक्रीची नव्हती, चाचणीस संमती देणाऱ्यांच्या घरची होती, असा कंपनीचा खुलासा आहे व तो येथे नोंदणे न्यायाचे आहे. परंतु मे २०२४ मध्ये अमेरिकेतील काही शहरांत इकोव्हॅक्स कंपनीच्या विकत घेतलेल्या यंत्रांचा ताबा परक्यांनी घेतला आणि त्यांच्या ध्वनिक्षेपकातून घरच्या माणसांना शिव्या ऐकवल्या. तेथे हा खुलासाही लागू पडत नाही.

यावर आमचे सुशिक्षित स्नेही म्हणतात, “आमच्या घरात लपवण्यासारखे आहेच काय?” त्यांना आम्ही विचारतो: देवळाच्या गाभाऱ्यात लपवण्यासारखे काय असते? तरी तेथे कोणी, केव्हा, कोणत्या मर्यादेने जावे याचा नियम असतोच. मर्यादा ही लज्जेची नसते, अधिकाराची असते. देवस्थानच्या किल्ल्या कोणाकडे आणि दागिन्यांची नोंद कोणापाशी, यावरून आमचे महाजन वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आणि स्वतःच्या शयनगृहाचा नकाशा अनोळखी कंपनीला देताना क्षणभर थांबत नाहीत! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क घरकामास येणाऱ्या बाईलाही आहे. ‘मान्य आहे’ हे बोट धन्याने ठेवले, तिने नव्हे. तिचे चित्र काढण्याची संमती तिच्या वतीने कोणी दिली?

तेव्हा निवड कशी करावी, याविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. जाहिरातीत पास्कलचे मोठमोठे आकडे असतात. ते ओढीच्या दाबाचे आकडे आहेत. हवा किती वाहते आणि ब्रश जमिनीला कसा भिडतो, हे त्यांतून कळत नाही. त्या आकड्यांना भुलू नये. दुकानदारास पाच प्रश्न विचारावे. इंटरनेट तोडले तर यंत्र कितपत काम करते? नकाशा यंत्रातच राहतो की बाहेर जातो? कॅमेरा आहे काय, आणि असल्यास त्यावाचून चालणारे लेसरचे यंत्र मिळेल काय? ब्रश, फिल्टर, चाक आणि बॅटरी सुटी मिळतात काय, व ती साध्या स्क्रूड्रायव्हरने बसवता येतात काय? दुरुस्ती जवळच्या शहरात होते की पेटी परप्रांतात धाडावी लागते? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावी. आखातातून किंवा अमेरिकेतून आप्ताने आणलेल्या यंत्राची हमी येथे चालेलच असे नाही. शिवाय अमेरिकेतला विजेचा दाब वेगळा. आपल्या नावाचे भारतीय बिल हाच आपला पहिला पुरावा.

घरही पाहावे. अशी बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरठा चढत नाहीत. अंत्रुजातील जुन्या घरांत, जेथे राजांगणाच्या भोवती प्रत्येक खोलीला जाड उंबरठा आणि मध्येच एखादी पायरी, तेथे यंत्र एका खोलीपुरतेच कैदी होते. काळ्या कडाप्प्याच्या फरशीला यंत्राचे खालचे डोळे कधी कधी खोल खड्डा समजतात आणि ते काठावरूनच मागे फिरते. शेणाने सारवलेल्या जमिनीसाठी तर ते नव्हेच. अशा घराने साधी केरसुणीच ठेवावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.

धनीपणाला हक्काबरोबर कर्तव्यही असते. यंत्र झाडते, पण यंत्राला कोण झाडणार? केराची डबी प्रत्येक फेरीनंतर रिकामी करावी. मुख्य ब्रशाच्या दोन्ही टोकांना केस गुंडाळतात. ते आठवड्यातून एकदा कात्रीने कापून काढावे, न काढल्यास मोटारीवर ताण येतो. फिल्टर झटकावा, तो धुण्याजोगा आहे असे पुस्तिकेत लिहिले असेल तरच धुवावा, आणि धुतल्यास पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. पुढचे लहान चाक उपसून त्यातील गुंतवळ काढावी. खालचे डोळे व चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्या. पुसणीचे ओले फडके यंत्राला लावून ठेवू नये. आमच्या पावसाळ्यात दोन दिवसांत त्याला बुरशी धरते. पाण्याच्या टाकीत पुस्तिकेने सांगितल्याखेरीज फिनेल घालू नये. बॅटरी पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोगणती ठेवू नये, आणि ती फुगलेली दिसल्यास यंत्र त्या क्षणी बंद करून बॅटरी बदलून घ्यावी.

आमच्या घरांसाठी आणखी चार शब्द. रांगोळी यंत्राला केरच वाटते, आणि तिची भुकटी फिल्टर कोंडते. म्हणून देवघर व उंबरठा यांना यंत्राच्या नकाशात निषिद्ध करावे. समईचे सांडलेले तेल व अभिषेकाचे पाणी हाताने पुसावे, नाहीतर ते घरभर पसरते. धुपाटण्यातून उडालेला निखारा विझल्याची खात्री झाल्यावाचून यंत्र सोडू नये. चतुर्थीत माटोळीखाली पडलेली पाने आणि फळे आधी उचलावी.

हे सारे काम कोणी करावे? घरात यंत्र आणण्याचा मान मुलाने घ्यावयाचा आणि ब्रशातले केस सुनेने काढावयाचे, असे होणार असेल तर श्रम कमी झाला नाही, त्याचे नुसते नाव बदलले. ज्याने यंत्र आणले त्यानेच ते साफ करावे, हा आमचा निकाल.

फसवणूक झाली तर गप्प बसू नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपण राहतो त्याच ठिकाणी तक्रार करण्याची मुभा देतो. दोन वर्षांची मुदत तेवढी सांभाळावी. वाजवी कारणावाचून एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणारे कलम याच कायद्याने अन्याय्य कराराच्या व्याख्येत घातले आहे, आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येते. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या ठरल्या. कायदा मदतीला येतो, पण तो बिल जपून ठेवणाऱ्याच्याच मदतीला येतो.

यंत्राशी आमचे वैर नाही. वैर आहे ते धन्याने आपल्याच घरात पाहुणा होऊन राहण्याशी. येत्या दिवाळीत नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहताना शेजारी हे वाटोळे यंत्र ठेवावयाचे असेल तर खुशाल ठेवावे. त्यापूर्वी एकदा इंटरनेटची तार काढून पाहावी, आणि ते कोणाचे ऐकते याची खात्री करून घ्यावी.