सीडी कोरी घ्या, पण पारखून!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला चार वेळा विचारतो. तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरून बघतो. पण गाणी भरायला कोरी सीडी आणायची म्हटली, की ‘द्या हो कुठलीही, सगळ्या सारख्याच’ म्हणून मोकळ्या होतो! मीही तशीच होते. त्या हलगर्जीपणाची किंमत काय पडली ते आधी सांगते, आणि मग पारख कशी करायची ते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणायची. १९९४ साली मामानं टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्या नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर भरून घेतल्या. मध्येच चार वर्षांची मी पाणी मागतेय आणि आजी ओवी थांबवून ‘अगं, दे गं हिला पाणी’ म्हणतेय, तेसुद्धा त्यात आलंय. आजी २००३ मध्ये गेली. पुढं कॅसेटची फीत अडकायला लागली, तेव्हा २००९ मध्ये मी ती एका दुकानात देऊन तिच्या दोन सीड्या करून घेतल्या. आमच्यासाठीची दुकानदाराच्या गोल डब्यातली, सुटी, सगळ्यांत स्वस्त. मावशी मात्र हट्टी. तिनं स्वतः चांगल्या दुकानातून पेटीबंद कोरी सीडी आणली आणि ‘माझी हिच्यावरच भरा’ म्हणून दिली. चार पैशांची सीडी ती काय, आणि केवढा हा थाट, म्हणून मी तिला हसले होते.

सीडी झाली, मग कॅसेट कशाला ठेवायची? २०१२ च्या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याकडं गेली.

गेल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला आजीच्या ओव्या लावाव्यात म्हणून सीडी काढली. यंत्र नुसतंच घरघरत राहिलं. दुसऱ्या यंत्रात घातली, तिथंही तेच. उजेडात धरून पाहिली, तर मी हौसेनं चिकटवलेल्या कागदाच्या कडेनं चंदेरी मुलामा सुटला होता आणि आरपार दिसत होतं. आईचा चेहरा एवढासा झाला. शेवटी मावशीकडची मागवली. ती मात्र घातल्याबरोबर सुरू झाली, आणि आजी आमच्या घरात पुन्हा गायला लागली!

ही पारख मावशीला होती, मला नव्हती. म्हणून आता तुमच्यासाठी ही सारी माहिती.

कोरी सीडी म्हणजे काय?

दुकानात गाणी भरून मिळते ती सीडी कारखान्यात ठशानं उठवलेली असते. कोरी सीडी वेगळी. तिच्यात प्लॅस्टिकच्या चकतीवर रंगाचा एक पातळ थर असतो, त्यावर चांदीसारख्या धातूचा मुलामा आणि सगळ्यांत वर वार्निशसारखं नाजूक आवरण. भरताना लेझरचा किरण त्या रंगावर सूक्ष्म डाग पाडतो, आणि गाणं म्हणजे त्या डागांची रांगोळी. आता रंग म्हटला की उन्हानं विटणार आणि मुलामा म्हटला की दमट हवेनं काळवंडणार, हे आपल्याला का कुणी सांगायला हवं?

आणखी एक गोष्ट. आपण सीडीची चकचकीत बाजू जपतो आणि नाव लिहायची बाजू कशीही टाकतो. खरं तर उलट हवं. चकचकीत बाजूला मिलिमीटरभराहून जाड प्लॅस्टिकचं संरक्षण असतं. नावाच्या बाजूला मात्र ते पातळ आवरण तेवढंच. त्या बाजूनं खोल ओरखडा गेला, तर गाणंच खरवडलं म्हणून समजा.

दुकानात काय पाहाल?

पहिलं म्हणजे सीडी पेटीबंद घ्या. उघड्या डब्यातली, बोटांचे ठसे उमटलेली नको. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, ती तर मुळीच नको.

घरी आणल्यावर एक सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, रंगात ढग किंवा रेघा दिसल्या, काठाशी मुलामा उघडा पडलेला दिसला, तर ती बाजूला ठेवा. रंगावरूनही थोडं कळतं. गडद निळी असते तिच्यात बहुधा अ‍ॅझो जातीचा रंग असतो. जवळजवळ बिनरंगी, नुसती चंदेरी किंवा सोनेरी दिसते तिच्यात थॅलोसायनिन जातीचा. हे दोन्ही उजेडाला बऱ्यापैकी टिकतात. हिरवट निळी बहुतेक सायनिनची. ती उजेडाला हळवी.

नुसत्या नावावर मात्र भुलू नका. जपानच्या तैयो युदेन कंपनीनं १९८८ मध्ये पहिली कोरी सीडी तयार केली आणि जाणकार तिच्या मालाची शिफारस करायचे, पण २०१५ च्या अखेरीस तिनं हा धंदाच बंद केला. आपल्याकडं घरोघरी दिसणाऱ्या मोझर बेअरचं २०१८ मध्ये दिवाळं निघालं. व्हर्बॅटिम हे नाव २०१९ पासून तैवानच्या सीएमसी कंपनीकडं आहे. तेव्हा जुनं नावाजलेलं नाव दिसलं, तर तो वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल तर नाही ना, हे आधी विचारा. कोरी सीडीसुद्धा पडून पडून शिळी होते, बरं का! म्हणून वर्षभरात लागतील तेवढ्याच आणा. स्वस्त मिळतात म्हणून शंभरांचा डबा नको. सीडी खरी कुणी बनवली याची खूण तिच्या आतच नोंदलेली असते. घरातल्या संगणक जाणणाऱ्या मुलाला सांगितलंत, तर तो छोट्याशा प्रोग्रॅमनं ती वाचून दाखवील.

पुन्हा पुसून वापरता येणारी आरडब्ल्यू सीडी गाण्यांसाठी घेऊ नका. ती कमी उजेड परतवते, त्यामुळं जुन्या यंत्रांना वाचता येत नाही. शिवाय पुसता येतं ते चुकून पुसलंही जातं!

भरताना

नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा बहुधा नसतो. त्याला बाहेरून जोडायचा रायटर मिळतो. भरताना वेग विचारला जातो. खोक्यावर ५२ एक्स लिहिलंय म्हणून तोच निवडायचा नाही. मंद आचेवर दूध नीट आटतं, तसं सोळा किंवा चोवीस एक्स ठेवा. ऐंशी मिनिटांची सीडी सोळाच्या वेगानं पाच-सहा मिनिटांत भरते. तेवढ्यात चहाचं आधण ठेवून होतं. तोवर संगणकावर दुसरं काम मात्र करू नका.

साध्या यंत्रात, जुन्या मोटारीत वाजायला हवी असेल तर ‘ऑडिओ सीडी’ हाच प्रकार निवडा. तीत ऐंशी मिनिटं मावतात. एमपीथ्रीच्या रूपात त्याच सीडीवर दहा-अकरा तासांची गाणी बसतात, पण ती सगळ्या यंत्रांना कळत नाहीत, आणि आवाज दाबून लहान केलेला असतो.

आता या ऐंशी मिनिटांची गोष्ट नीट ऐका. साठ मिनिटांची कॅसेट एका सीडीवर आरामात बसते. नव्वदची बसत नाही. तिच्या दोन बाजू दोन सीड्यांवर घ्यायला हव्यात. मावशीकडची सीडी त्या दिवशी आम्ही शेवटपर्यंत ऐकत बसलो, तर एका ओवीच्या मध्येच आवाज तुटला. दुकानदारानं ऐंशी मिनिटांवर थांबवलं होतं आणि वरची दहा मिनिटं सोडून दिली होती. आई म्हणाली, ‘शेवटी आईनं सगळ्या नातवंडांची नावं घालून पाळणा म्हटला होता गं.’ त्यात माझंही नाव होतं. २००९ मध्ये मी सीडी सुरुवातीची पाच मिनिटं ऐकली, ‘छान झालीय’ म्हटलं आणि कपाटात ठेवली होती. शेवटपर्यंत ऐकली असती, तर तेव्हा कॅसेट घरातच होती.

म्हणून सांगते, भरलेली सीडी दुसऱ्या एखाद्या यंत्रावर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आणि मूळ कॅसेट कितीही जुनाट झाली तरी टाकू नका.

ठेवताना

लोणच्याच्या बरणीचे नियम इथंही लागू: कोरडा हात, कोरडी जागा, ऊन नाही. सीडी पेटीत, उभी ठेवा. खिडकीतलं शोकेस, मोटारीचा पुढचा फळा, टीव्हीवरची जागा, या जागा वर्ज्य. आमची सीडी पंधरा वर्षं खिडकीजवळ होती, मावशीची लाकडी कपाटात साड्यांच्या मागं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या मैत्रिणींनी, पेट्या घट्ट डब्यात ठेवाव्यात आणि औषधाच्या बाटलीत येते तशी ओल शोषणारी पुडी आत टाकावी.

नाव लिहायला बॉलपेन नको, त्याचं टोक रुततं. सीडीसाठी मिळणारं मऊ टोकाचं पेन घ्या आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. वर कागद चिकटवू नका. कागद ओल धरतो, सुटताना मुलामाही ओढून नेतो, आणि एका बाजूला जड झालेली सीडी फिरताना डगमगते. पुसायची झाली तर मऊ सुती फडक्यानं, मधून काठाकडं सरळ. ताट पुसतो तशी गोल गोल नाही.

आणि इतकं सगळं करूनही एकाच सीडीवर विसंबू नका. ती कधी दगा देईल ते सांगून येत नाही. दोन सीड्या करा, शक्य तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक आपल्याकडं, एक बहिणीकडं किंवा भावाकडं. शिवाय संगणकाच्या हार्ड डिस्कवर एक प्रत. वर्षातून एकदा काढून ऐका. अडखळायला लागली असं वाटलं, की लगेच नवी भरून घ्या. अजून वाजतेय तोवरच ते जमतं.

सिनेमाची गाणी पुन्हा कुठूनही मिळतील. पण आजीच्या ओव्या, वडिलांचं भजन, मुलाचे पहिले बोबडे बोल कुठल्या दुकानात मिळणार? असं काही तुमच्या कपाटात जुन्या सीडीवर पडून असेल, तर या रविवारी ते काढा आणि शेवटपर्यंत ऐका. आम्ही मावशीच्या सीडीवरून आता तीन प्रती केल्यात. पाळणा नाही त्यात, पण ‘दे गं हिला पाणी’ आहे. माझ्या मुलीनं ते ऐकलं आणि विचारलं, ‘आई, हिला म्हणजे कुणाला?’