सर्व्हे म्हणतो, सगळे खूश!

चंदीगडला नोकरी लागल्यावर मी ऑफिसचा पहिला सर्व्हे भरला. नाव लिहायचं नव्हतं, पण लिंक माझ्याच ऑफिसच्या ई-मेलवर आली होती. सगळीकडे ‘उत्तम’वर टिक केलं. खरं काय ते रात्री आईला फोनवर सांगितलं.

म्हणूनच ‘आमचे बहुतेक कर्मचारी समाधानी’ अशी पोस्ट पाहून लगेच अर्ज करू नका. आधी तीन गोष्टी बघा.

उत्तरं कुणी दिली? १९३६ मध्ये अमेरिकेच्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने निवडणुकीचा अंदाज घ्यायला सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला लँडन, जिंकले रूझवेल्ट! पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून. गरिबांना फारसं कुणी विचारलंच नव्हतं. ऑफिसच्या सर्व्हेतही कंटाळून नोकरी सोडलेले नसतातच.

भीती होती का? डिसेंबर २०२४ मध्ये नोएडाच्या ‘येस मॅडम’ कंपनीचा ई-मेल व्हायरल झाला. सर्व्हेत ताण आहे म्हणणाऱ्यांना काढलं, असं त्यात होतं. नंतर कंपनीने सांगितलं, कुणालाच काढलेलं नाही, ती ताणाविषयीची मोहीम होती. पण तो ई-मेल वाचलेला माणूस पुढच्या वेळी खरं लिहील?

प्रश्न कसा होता? ‘आमचं छान वातावरण किती आवडतं?’ यात उत्तर आधीच भरलेलं असतं.

त्यापेक्षा तिथून नोकरी सोडलेल्या एखाद्याला फोन करा.