भिंतीवरची छायाचित्रे आणि भाड्याची खोली

स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणे हा सुखवस्तू वर्गाचा विलास आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी कर्तव्य नाही, असे मत डाव्या वर्तुळांत वर्षानुवर्षे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले गेले. न्यूयॉर्कच्या लेस्ली-लोमन संग्रहालयात २०१८-१९ मध्ये भरलेले डॉना गॉटशॉक यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन हे या मताला मिळालेले चोख उत्तर होते.

१९४९ साली जन्मलेल्या गॉटशॉक लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत वाढल्या. मैत्रिणी, भावंडे, एकत्र राहणाऱ्या स्त्रिया यांची त्यांनी टिपलेली छायाचित्रे चाळीस वर्षांहून अधिक काळ पेट्यांत पडून होती. ती पाहणाऱ्याला विलास कोठेच आढळला नाही. आढळल्या त्या साध्यासुध्या खोल्या, आणि १९७० साली पेनसिल्व्हेनियातील क्रांतिकारी महिला परिषदेला आलेल्या, दाटीवाटीने झोपलेल्या कार्यकर्त्या.

या खोल्यांमागचे अर्थकारण ध्यानात घेतले पाहिजे. १९७० साली अमेरिकेत पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीची मिळकत पुरुषाच्या मिळकतीच्या सुमारे ५९ टक्के होती. पतीच्या सहीवाचून स्त्रीला कर्ज नाकारण्याची बँकांची वहिवाट होती. तिला कायद्याने पायबंद बसला तो १९७४ साली. म्हणजे विवाह हा केवळ भावबंध नव्हता, तो स्त्रीच्या उदरनिर्वाहाचा परवाना होता. तो नाकारणाऱ्या दोघींच्या घरात वेतने दोन येत, पण दोन्ही अपुरी. त्यात नाते उघड झाले की नोकरीवर गदा! या अन्यायाविरुद्ध देशव्यापी संरक्षण तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते थेट २०२० साली. धनवंत स्त्रीला एकांत विकत घेता येत होता. मजुरीवर जगणारीला तो परवडणारा नव्हता. मग हा विलास कोणाचा?

दुसरा धोका कौतुकाचा आहे. या स्त्रियांच्या धैर्याची वाहवा करून दालनाबाहेर पडणे सोपे असते. ज्यांना हयातभर भाड्याची विवंचना होती, त्यांनाच पुढे मानाने भिंतीवर टांगायचे, ही भांडवली संस्कृतीची जुनी रीत आहे. चौकट सुंदर झाली म्हणून चौकटीतल्या माणसाची थकबाकी फिटत नाही.

समान वेतन, हक्काचे घर आणि नोकरीची शाश्वती या मागण्या समाजवाद्यांना नव्या नाहीत. त्या मागताना या स्त्रियांना वगळणारी चळवळ स्वतःच्याच हिशेबात खोट करते. त्यांना सहानुभूती नको आहे. कामगार म्हणून त्यांचा वाटा त्यांना हवा आहे.