क्षयाच्या आठवणींचे घर

संग्रहालय म्हटले की तलवारी, नाणी, ताम्रपट आणि काचेआडच्या पैठण्या आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. बऱ्हाणपूरकरांना तर संग्रहालय वेगळे शोधावयासच नको. तापीकाठचा शाही किल्ला, इ. स. १६१५ च्या सुमारास खोदलेल्या कुंडी भंडाऱ्याच्या भूमिगत जलवाहिन्या, आणि नदीच्या पलीकडे झैनाबादेत, १६३१ मध्ये मुमताजमहलचा देह जेथे ताजमहालापूर्वी काही महिने विसावला ती आहूखान्याची बाग, हे सारे उघड्यावर मांडलेले संग्रहालयच आहे. परंतु एखाद्या गावाने आपल्या आजाराचे संग्रहालय मांडावे, आणि तेही क्षयाचे, ज्याचे नाव आपल्या घरांत कोणी मोठ्याने उच्चारीत नसे, ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस, अॅडिरॉन्डॅक पर्वतराजीत सॅरनॅक लेक नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाने हे केले आहे.

या गावाची कथा एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो या डॉक्टरापासून सुरू होते. १८४८ साली जन्मलेल्या ट्रूडोंनी ऐन तारुण्यात आपल्या क्षयी भावाची शुश्रूषा केली. खोलीची खिडकी उघडावयाची नाही, अशी तेव्हाच्या डॉक्टरांची आज्ञा असे. बंद खोलीत, भावाच्या उशाशी, ट्रूडोंनी त्याचा अंत पाहिला. पुढे स्वतः डॉक्टर झाल्यावर १८७३ मध्ये तोच आजार त्यांच्याही छातीत निघाला. आता उरलेले दिवस आवडत्या अरण्यात काढावेत, एवढ्याच हेतूने ते पर्वतात गेले. तेथे त्यांना इतकी अशक्तता आली होती की एका वाटाड्याने त्यांना उचलून माडीवर नेले. परंतु मरण आले नाही. ते हिंडूफिरू लागले. १८७६ मध्ये त्यांनी सॅरनॅक लेक येथे बिऱ्हाड केले.

१८८२ च्या २४ मार्च रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास जर्मनीतील आरोग्यधामांचे वृत्त ट्रूडोंच्या वाचनात आले. त्यांनी १८८४ मध्ये गरीब रुग्णांसाठी आरोग्यधाम स्थापिले आणि १८८५ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोपडी उभी राहिली. दोन रुग्णांपुरती एक खोली, पुढे लहानशी ओसरी आणि बाहेरून तांबडा रंग. पहिल्या रुग्ण कारखान्यात काम करणाऱ्या दोघी बहिणी होत्या. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण हवापालट हा तेव्हा श्रीमंतांचाच उपचार होता. रुग्णांकडून खर्चापेक्षा कमी पैसे घ्यावयाचे आणि तूट देणग्यांनी भरून काढावयाची, असा ट्रूडोंचा शिरस्ता होता.

त्यांचा सशांचा प्रयोग शाळेतील मुलांनाही सांगण्यासारखा आहे. पंधरा ससे, पाच-पाचांचे तीन गट. पहिल्या पाचांना जंतू टोचून एका बेटावर मोकळे सोडले व भरपूर खाऊ घातले. दुसऱ्या पाचांना जंतू टोचून अंधाऱ्या, दमट जागी, अर्धपोटी ठेवले. तिसऱ्या पाचांना जंतू न टोचताच तशाच कोंदट जागी ठेवले. बेटावरचा एक मेला, बाकीचे चार जगले. दुसऱ्या गटातले चार मेले. तिसऱ्या गटातले हडकले, पण क्षय कोणालाच झाला नाही. जंतूशिवाय क्षय नाही, पण जंतू शिरल्यावर माणूस कोठे राहतो व काय खातो यावर पुष्कळसे अवलंबून असते, असा त्याचा अर्थ. पाच-पाच सशांवरून फार मोठा सिद्धांत उभारू नये हे खरे. तरीही यंत्रमागांच्या दाट वस्तीतील खोल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला दुसऱ्या गटाची ओळख निराळी करून द्यावी लागणार नाही.

१८९३ मध्ये ट्रूडोंचे घर आगीत भस्मसात झाले आणि त्यातच त्यांची लहानशी प्रयोगशाळाही गेली. दुसऱ्याच वर्षी, १८९४ मध्ये, आगीला दाद न देणारी पक्की प्रयोगशाळा बांधण्यात आली. अमेरिकेत केवळ क्षयाच्या संशोधनासाठी उभारलेली ती पहिली वास्तू. आज संग्रहालय आहे ते तेथेच.

पण खरे संग्रहालय म्हणजे ते गाव. आरोग्यधामात जागा पुरेना, म्हणून गावकऱ्यांनी आपापल्या घरांना ओसऱ्या जोडल्या, त्यांना काचेची सरकती तावदाने बसविली आणि रुग्ण ठेवून घेण्यास सुरुवात केली. रुग्णाने दिवसाचे कित्येक तास, हिवाळ्यातसुद्धा, या ओसरीवर लांबलचक आरामखुर्चीत निजून राहावयाचे. अंगावर लोकर, पायाशी ऊब, नाकाशी गोठविणारी हवा. बोलणेही बेताने. दूध, अंडी, पुन्हा दूध. असे महिने नव्हे, वर्षे जात. संसर्गाची भीती तेथेही होतीच, परंतु गावाची चूल या पाहुण्यांवर पेटत असल्यामुळे भीतीला रीतसर नियमांत बांधून घेण्यात आले. थुंकी कोठे टाकावयाची, भांडी कशी उकळावयाची, हे लहान मुलांनाही ठाऊक असे. फिलिपिन्सचे अध्यक्ष मान्युएल केझॉन यांनी १ ऑगस्ट १९४४ रोजी याच गावात देह ठेवला.

त्याच्या आदल्याच वर्षी स्ट्रेप्टोमायसिन सापडले होते. १९५२ मध्ये आयसोनियाझिडची गोळी आली आणि १९५४ मध्ये ट्रूडोंचे आरोग्यधाम बंद झाले. ज्या रोगावर गाव जगत होते तो बरा होऊ लागला आणि गाव आजारी पडले, असे थट्टेने म्हणता येईल. ओसऱ्या रिकाम्या झाल्या, काहींची तावदाने निघाली, काही घरे पडली. १९८० मध्ये काही मंडळींनी हा वारसा जतन करण्यासाठी संस्था काढली. तिने १९९८ मध्ये ओसाड पडलेली प्रयोगशाळा ताब्यात घेतली, दुरुस्त केली आणि २००९ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. आरामखुर्च्या, थुंकीपात्रे, रुग्णांनी काढलेली छायाचित्रे, घरी लिहिलेली पत्रे, असा हा संग्रह आहे. एरवी जे जाळून टाकावयाचे, तेच तेथे जपून ठेविले आहे.

आता आपल्याकडे वळतो. ट्रूडोंची पहिली झोपडी उभी राहिली तेव्हा आनंदीबाई जोशी त्याच देशात, फिलाडेल्फियात, वैद्यकाचे शिक्षण घेत होत्या. मार्च १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या. प्रकृती तेथेच ढासळली होती. कोल्हापूरच्या अॅल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली, पण ते काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यात क्षयाने त्यांना नेले. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, पोकीप्सी गावी विसावल्या आहेत, आणि पोकीप्सी हे सॅरनॅक लेकच्याच राज्यात आहे. राम गणेश गडकरी यांचा अंतही क्षयानेच, २३ जानेवारी १९१९ रोजी, तेव्हाच्या मध्यप्रांतातील सावनेर येथे झाला. ही मोठी नावे म्हणून आजाराचे नाव उरले. बाकीच्या घरांत काय झाले?

बाकीच्या घरांत क्षयाला दुसरी नावे होती. “छातीचा विकार”, “फुप्फुसाला डाग”, “बारीक ताप”, आणि अगदी जवळच्या माणसाशी बोलताना इंग्रजीतील दोन अक्षरे, तीही हलक्या आवाजात. आमच्या वैद्यांना राजयक्ष्मा फार प्राचीन काळापासून माहीत होता. दक्षाने शाप दिल्यामुळे चंद्राला क्षय लागला ही कथा चरकसंहितेतही आहे. चंद्राची अब्रू त्याने गेली नाही, परंतु आमच्या मुलींची जात असे. घरात एकाला डाग निघाला की पाठच्या तिघींची स्थळे परत जात. सून आजारी पडली तर तिला माहेरी पोचविले जाई, आणि पुष्कळदा ती तेथून परत येत नसे. माणूस गेल्यावर गादी, कपडे, पत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, सारे अग्नीच्या स्वाधीन होई. जंतूच्या भयाने काही, आणि लोकांच्या भयाने बरेचसे. त्यामुळे आपल्याकडे या आजाराचा इतिहास लिहावयाचा तर कागद फारसे सापडणार नाहीत.

वास्तू मात्र आहेत. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वानलेसवाडी आहे. मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव तेथील क्षयरोग आरोग्यधामामुळे वस्तीलाच चिकटले. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सुरू केले. राजस्थानात तिलोनिया, हिमालयात धरमपूर आणि भोवाली, आंध्रात मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम ही याच माळेतील नावे. भोवालीस १९३५ मध्ये कमला नेहरू होत्या. आपल्या माळवा-निमाडातील माणसांच्या तोंडी असलेले नाव म्हणजे इंदूरचे एम. आर. टी. बी., म्हणजेच मनोरमाराजे क्षयरोग रुग्णालय.

या साऱ्या आरोग्यधामांचे महत्त्व ज्या प्रयोगाने कमी केले, तो आपल्याच देशातला आहे, आणि याचा आपण पुरेसा अभिमान बाळगीत नाही असे मला वाटते. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. तेथे दाटीच्या गरीब वस्त्यांतील रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून, तर दुसऱ्याला त्यांच्याच घरी, एक वर्ष तीच औषधे देण्यात आली. आरोग्यधामातील लोकांना अन्न, हवा, विश्रांती सर्व काही अधिक मिळाले. घरच्यांना यांतले फारसे काही नव्हते. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना संसर्गाचा धोका काही वाढला नाही. ओसरी, पर्वत, थंड हवा यांची जागा नियमित घेतलेल्या औषधाने घेतली. गरिबाला आपले घर व मजुरी न सोडता बरे होता येऊ लागले. पुढे जगभर उपचाराची दिशा बदलली ती येथून.

मग सॅरनॅक लेकच्या ओसऱ्यांनी केले तरी काय, असा प्रश्न चोखंदळ वाचक विचारतील. विश्रांतीने काही बरे झाले, काही आपोआपच बरे झाले असते, पुष्कळ मेले. स्वतः ट्रूडोही १९१५ मध्ये याच आजाराने गेले. परंतु रुग्णाला दूर फेकून न देता ओसरीवर जागा द्यावयाची, एवढे त्या गावाने निश्चित केले. बंद खिडकीच्या खोलीत भावाला मरताना पाहिलेल्या माणसाचे हे काम होते, हे विसरता येत नाही.

क्षय गेलेला नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही भारतात आहेत. आपल्या बऱ्हाणपुरात मागांची खडखड आहे, कापसाची धूळ आहे. धुळीने क्षय होत नाही, तो जंतूने होतो. पण धुळीचा खोकला म्हणून क्षयाचा खोकला अंगावर काढला जातो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध विनामूल्य मिळते, तरी गल्लीतील कोणी पाहील म्हणून माणसे जात नाहीत, किंवा दोन महिन्यांत बरे वाटले की गोळ्या सोडतात. अर्धवट औषधाने जंतू पक्का होतो आणि मग साध्या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. ही भीती कोठून आली हे समजावयाचे असेल, तर ज्या घरांनी ती सोसली त्यांनी बोलले पाहिजे.

म्हणून या महिन्यात वाचकांना एक काम सांगतो. आपल्या घरातील ऐंशीच्या पुढच्या माणसाजवळ बसावे. क्षय हा शब्द प्रथम आपणच उच्चारावा, म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही. छातीत हवा भरून घ्यावयास कोण जाई, बरगड्या कोणाच्या काढल्या होत्या, स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया कोण टोचीत असे, शेळीचे दूध कोठून येई, कोणाचे ताट वेगळे ठेवीत, ते ताट पुढे कोठे गेले, हे विचारावे. रुग्णाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. साल, गाव, दवाखाना आणि नाते एवढे पुरे. लिहिताना वहीच्या एकाच बाजूस लिहावे आणि जुने क्ष-किरण फोटो सापडल्यास ते घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवावेत.