रोपांचे दिवे आणि घरातील वीजभार

घरातील खोलीत दिव्यांच्या प्रकाशावर रोपे वाढविण्याचा उद्योग स्तुत्य आहे. परंतु दिव्यांची संख्या रोपांवरून नव्हे, तर तारांच्या शक्तीवरून ठरविली पाहिजे. २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या सर्किटची मर्यादा १३८० वॉट होते. हे दिवे रोज १४ ते १६ तास जळतात. म्हणून अशा अखंड भारासाठी सुमारे ११०० वॉटच धरावेत व त्यातच पंखा, टीव्ही मोजावेत. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणे होय. मग भिंतीतील तार तापून आगीचे भय उत्पन्न होते. अधिक दिव्यांसाठी परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र सर्किट घ्यावे. पाणी जवळ असल्याने आरसीसीबीही बसवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपांचा सल्ला देण्यापूर्वी मीटरपेटी पाहावी, हेच इष्ट.